'वन कट ऑफ द डेड' का बघायचा, त्याची पार्श्वभूमी

यावेळी हॉररमध्ये काय बघू या असा विषय इंदुरातल्या आपल्या मंडळींत निघाला की या जपानी पिक्चरचं नाव मी पहिलं घेतो, कारण इथे पिक्चरवेडे म्हणजे अर्धे नाटकवालेच, कोणी रंग लावलेला तर कोणी विंगेत उभं राहून प्रॉप्स दिलेले, आणि हा पिक्चर त्यांचाच आहे. झॉम्बी, म्हणजे उठून चालायला लागलेली प्रेतं, ही नुसती सुरुवात.

स्वस्तातल्या झॉम्बीपटांची वाट १९६८ची, पिट्सबर्गच्या आसपास लाखाच्या थोडं वर डॉलरमध्ये केलेल्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासूनची. त्याचं नाव बदललं तेव्हा नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने बनवणाऱ्यांचे हक्क गेले. आता थेट २०१७वर, या जपानी पिक्चरवर येतो.

टोकियोतल्या एका अभिनयाच्या कार्यशाळेतले नवखे कलाकार, बजेट ३० लाख येन म्हणजे तेव्हाचे सतरा-अठरा लाख रुपये, शूटिंग आठ दिवस, आणि त्यात पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटमध्ये, मध्ये कुठेही कट नाही! मिटो शहरातला पाणी शुद्ध करायचा एक बंद पडलेला प्लांट हेच लोकेशन. नोव्हेंबर २०१७मध्ये मोजकेच शो झाले, मग जून २०१८मध्ये टोकियोच्या दोन छोट्या थेटरांत लागला आणि तोंडी प्रसिद्धीवर पसरत पसरत तीनशेच्या वर थेटरांत गेला, कमाई ३०० कोटी येनच्या वर. स्टार एकही नाही, हे लक्षात घ्या.

आणि नेमका गल्ला भरत होता तेव्हा, ऑगस्ट २०१८मध्ये, वाद उठला. एका नाटकमंडळीने २०११मध्ये एक नाटक केलं होतं, २०१३मध्ये परत केलं, या पिक्चरच्या दिग्दर्शकाने ते बघितलं होतं आणि त्यावरून पिक्चर सुचला हे त्याने स्वतःच सांगितलेलं होतं. प्रश्न श्रेयनामावलीत नाव कुठे आणि काय म्हणून, हा. 'मूळ कल्पना' म्हणून नाटकाचा उल्लेख आला, पण नाटकाच्या दिग्दर्शकाचं म्हणणं की ही नुसती कल्पना नाही, रचनाच आमची आहे, तेव्हा मूळ कृती म्हणा. पिक्चरवाल्यांचं म्हणणं की पटकथा, पात्रं, संवाद सगळं आम्ही नव्याने लिहिलंय. दोन्हीकडे तथ्य आहे, पण मला विचाराल तर नाटकात रचना हीच मुख्य कमाई असते, संवाद काय तालमीत बदलतात, पण कोण कधी आत येणार आणि आधी जे दिसलं त्याचा अर्थ नंतर कसा उलटणार हे ज्याने बसवलं त्याचं नाव वरतीच पाहिजे. ती नाटकमंडळी तोवर बंद झालेली, म्हणून आता कोण विचारतंय असं तर अजिबातच व्हायला नको होतं. शेवटी फेब्रुवारी २०१९मध्ये समझोता झाला आणि मूळ कृतीचं श्रेय नाटकाचा दिग्दर्शक आणि पिक्चरचा दिग्दर्शक अशा दोघांना मिळून दिलं गेलं. हे आधीच झालं असतं तर बरं, पण झालं हे महत्त्वाचं.

त्यानंतर २०२०च्या लॉकडाउनमध्ये याच टीमने घरात बसून, एकमेकांना न भेटता एक शॉर्टफिल्म केली. २०२२मध्ये फ्रेंच रिमेक आला, कान फेस्टिवलचं उद्घाटन त्यानेच झालं, आणि त्याचं आधीचं नाव 'झेड (कॉम झेड)' होतं ते युक्रेनच्या युद्धात रशियन रणगाड्यांवर तेच अक्षर दिसायला लागल्यावर बदलावं लागलं. रिमेकमध्ये पैसा दिसतो, पण मूळ पिक्चरमधली धडपड त्यात नाही, त्यामुळे आधी जपानीच बघा, सबटायटल लावून. दीड तासाच्या थोडा वर आहे. पहिल्या ३७ मिनिटांत कुठे अॅक्टिंग अडखळेल, कुठे कोणी उगाचच थांबल्यासारखं वाटेल, तेव्हा कंटाळून बंद करू नका, आणि ज्याने बघितला असेल त्याने शेजारच्याला पुढचं काही सांगू नका.