मुलाखतकार गेला आणि प्रश्नावली उरली: सुगम सर्वेक्षण सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

संगणकावर सर्वेक्षणे सुरू झाली तेव्हा उत्तर देणाऱ्याला पडदा बघावाच लागत नसे. १९७० च्या दशकात अमेरिकेत फोनवरचा मुलाखतकार पडद्यावरचा प्रश्न वाचून दाखवी आणि उत्तराचा आकडा दाबी. नेदरलँड्सच्या सांख्यिकी कार्यालयाने १९८६ मध्ये ‘ब्लेझ’ ही प्रणाली आणली, आणि पुढच्याच वर्षी तिथले मुलाखतकार श्रमशक्ती पाहणीसाठी लॅपटॉप घेऊन घरोघर जाऊ लागले. उत्तरदाता अंध असो वा निरक्षर, प्रश्न पुन्हा वाचणे, थांबणे, खुलासा करणे ही कामे माणूस निभावून नेई. त्यामुळे सॉफ्टवेअर सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल असे, आहे की नाही, हे तपासायची वेळच आली नाही. फोनवरच्या पाहणीतून कर्णबधिर मात्र सुरुवातीपासूनच वगळले गेले.

१९९० च्या दशकात मुलाखतकाराला मुद्दाम बाजूला करणारी एक पद्धत रुळली. लैंगिक वर्तन, अमली पदार्थ अशा विषयांवर माणसासमोर लोक मोकळेपणाने बोलत नाहीत. म्हणून ध्वनिमुद्रित प्रश्न हेडफोनवर ऐकायचा आणि उत्तराची कळ स्वतःच दाबायची. हेतू गोपनीयतेचा आणि वाचता न येणाऱ्यांच्या सोयीचा होता. वेबवर आलेल्या प्रश्नावल्यांनी मात्र या पद्धतीकडे पाठ फिरवली आणि छापील फॉर्मचीच नक्कल केली.

वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९५ च्या आवृत्तीत फॉर्मचे रकाने होते, पण कुठला मजकूर कुठल्या रकान्याचा हे सांगायची सोय नव्हती. ती डिसेंबर १९९७ च्या ४.० आवृत्तीत आली: रकान्याला नाव देणारे ‘लेबल’, गट बांधणारे ‘फील्डसेट’ आणि गटाचे शीर्षक असलेले ‘लेजंड’. पावशतक उलटून गेले तरी निम्मी दुखणी या तीन गोष्टी न वापरल्यामुळेच होतात, असे आमचे मत आहे.

सर्वात मोठे दुखणे म्हणजे तक्त्यातला प्रश्न. डावीकडे दहा विधाने, वर ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय, मध्ये टिचकी मारायचे पन्नास गोल, म्हणजे ‘रेडिओ बटणे’. डोळस माणूस आडवी-उभी नजर फिरवतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला नुसते ‘रेडिओ बटण, निवडलेले नाही, पाचपैकी तीन’ एवढेच ऐकू येते. विधान कुठले, पर्याय कुठला, पत्ता नाही. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तोच तक्ता डोळसांनाही आडवा सरकवावा लागतो. उपाय साधा आहे: तक्ता मोडायचा, प्रत्येक विधानाचा स्वतंत्र फील्डसेट करायचा, विधान लेजंडमध्ये घालायचे आणि पाचही गोलांना आपापले लेबल द्यायचे. पान लांबते, हे खरे.

रकान्यांच्या मधे लिहिलेल्या सूचनांचेही असेच होते. कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत पुढे जाणाऱ्याला त्या लागतच नाहीत, कारण टॅब एका रकान्यावरून थेट पुढच्या रकान्यावर उडी मारते. सूचना रकान्याशी कोडमध्ये जोडावी लागते. उत्तर निवडताच आपोआप पुढच्या प्रश्नावर नेणारी सोय तर कीबोर्ड वापरणाऱ्याच्या मुळावरच येते: रेडिओ बटणांत बाणाच्या कळीने सरकले की सरकता सरकताच निवड होते, त्यामुळे तिसऱ्या पर्यायापर्यंत पोचण्याआधीच पान बदलते.

वेबच्या सुगमतेचे पहिले मार्गदर्शक निकष मे १९९९ मध्ये आले, २.० आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आणि २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये. शेवटच्या आवृत्तीत सर्वेक्षणवाल्यांनी आधी वाचावे ते दोन निकष: ओढून-सोडून क्रम लावायच्या प्रश्नाला साध्या टिचकीचा पर्याय हवा, आणि टिचकीची जागा, काही अपवाद वगळता, किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी. वेळमर्यादेचा नियम जुना आहे, पण मोडला जातो तो सर्रास. पीएचपी या संगणकभाषेवर चालणाऱ्या प्रणालीत सत्राची, म्हणजे एका बैठकीची, मुद्दाम न बदलल्यास असणारी मर्यादा १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. उत्तरे मधल्यामध्ये जतन होत नसतील, तर एकाच लांब पानावर रेंगाळणाऱ्याची मेहनत ‘पाठवा’ दाबल्यावर वाया जाते, आणि संशोधकाच्या तक्त्यात तो ‘अर्धवट सोडून गेलेला’ म्हणून दिसतो.

२००८ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘ओपन डेटा किट’ या माहिती गोळा करायच्या सॉफ्टवेअरने अँड्रॉइड फोनवर मुलाखतकाराला परत आणले. तिथे एक्सेलच्या फाइलमधून फॉर्म बनतो. प्रश्नाच्या ओळीत मराठी मजकुराबरोबर ध्वनिफितीचा रकाना भरला की प्रश्न ऐकवताही येतो. हा रकाना बहुतेक फाइलींत रिकामाच असतो.

मराठीची अडचण वेगळी. श्री-लिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर दिसायला देवनागरी, आत मात्र रोमन अक्षरे. स्क्रीन रीडर ती निरर्थक अक्षरेच वाचतो. जुनी प्रश्नपेढी वेबवर आणताना तो मजकूर विस्कटतो, मग कुणीतरी प्रश्नाचे चित्रच चिकटवतो, आणि चित्रात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर नसला तर अंध विद्यार्थ्यापुढे चार पर्याय येतात, प्रश्न येतच नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, असला तरी पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवायला हवी. नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी शब्द गाळून पुढे जाऊ शकतो. आकडे तपासणारा नियम फक्त 0 ते 9 स्वीकारत असेल, तर मराठी कळफलकावरून टंकलेले ‘४५’ चुकीचे ठरते. चूक नुसती लाल रंगाने दाखवली, तर ती ऐकणाऱ्याला कळतही नाही.

भारतात २०११ च्या जनगणनेने अपंगत्वाचे ८ प्रकार धरून २.६८ कोटी व्यक्ती मोजल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार २१ केले आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेची जबाबदारी सरकारवर टाकली. आता २०२७ च्या जनगणनेसाठी सरकारने मोबाइल अ‍ॅपबरोबर स्वयंगणनेचा, म्हणजे कुटुंबानेच आपली माहिती ऑनलाइन भरण्याचा, पर्यायही जाहीर केला आहे. तो निवडणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवायला प्रगणक समोर नसेल.