अक्षर उलटं लिहिलं म्हणजे डिस्लेक्सिया?

फॉरवर्ड जुनाच आहे: मूल अक्षरं उलटी लिहितंय म्हणजे त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकताना येणारी अडचण) आहे, त्याला अक्षरं उलटीच दिसतात. वाचून पालक घाबरतात, साहजिकच आहे.

पण पहिली-दुसरीत ३ किंवा ६ उलटा काढणं, घ-ध नाहीतर भ-म यात गोंधळणं हे बऱ्याच मुलांचं होतं आणि सरावाने सुटतं. डिस्लेक्सियात मुख्य अडचण दिसण्यात नसते, शब्दातले आवाज सुटे करून अक्षरांशी जोडण्यात असते. घरी बघायचं असेल तर वही बाजूला ठेवा आणि नुसतं तोंडी विचारा, 'नगर'मधला 'न' काढला तर काय उरलं? 'गर' असं खेळत खेळत सांगणारं मूल अधूनमधून अक्षर उलटं काढत असेल तर लगेच टेन्शन नको. याउलट अक्षर सुंदर, एकही उलटं नाही, पण तिसरीत येऊनही प्रत्येक शब्द अडखळत, काना-मात्रा गाळत, अंदाजाने वाचतंय, तिकडे जास्त लक्ष द्या (अशी मुलं नेमकी नजरेतून सुटतात, कारण वही छान दिसते ना). अर्थात एका खेळावरून निदान होत नाही, आधी डोळे-कान तपासा, मग तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी.

आणि निघालाच डिस्लेक्सिया तरी बुद्धी कमी असा अर्थ नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही धरली आहे, आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो. पण वर्गात प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं, उत्तर तोंडी घेणं, जादा वेळ देणं यासाठी बाईंना अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटची वाट बघायची गरज नाही, आजपासून करता येतं.