फटफटीच्या गावात शांत सायलेन्सर

मोटरसायकलला मराठीने नाव ठेवलं ते तिच्या आवाजावरून: फटफटी. आजही नाशिकच्या कुठल्याही गॅरेजात गाडीचं कौतुक ‘काय फायरिंग आहे!’ या शब्दांतच होतं. त्यामुळे पोलो जीटी किंवा आय-२० एन लाइनसारख्या टर्बो कारचा एखादा मालक ‘कंपनीपेक्षा बरा सायलेन्सर टाकायचाय, पण आवाज वाढायला नको’ म्हणाला, की मिस्त्री आधी त्याच्याकडे आणि मग गाडीकडे बघतो. आवाज नको, तर बदलतोस कशाला?

मिस्त्रीच्या या प्रश्नाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रीव्हज बंधूंनी इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं ते १८९७ साली. १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिमने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं आणि त्याच्या कंपनीने पुढे इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा. बापाने धडधडाट केला, पोराने तो दाबायचा धंदा केला.

पण ते सुरुवातीचे डबे कोंदट होते. धूर वळसे घेत बाहेर पडायचा, इंजिन गुदमरायचं. म्हणून त्या काळच्या मोटारींना ‘कट-आउट’ असायचा. पायाशी पेडल, ते दाबलं की धूर सायलेन्सरला वगळून थेट बाहेर. चढ आला की चालक कट-आउट उघडायचे. गावात शिरतानाही उघडायचे, तेवढाच रुबाब. शेवटी अमेरिकेतल्या अनेक शहरांनी त्यावर बंदी घातली. ‘आवाज म्हणजे ताकद’ हा समज त्या पेडलचा वारस आहे. त्या वेळी तो बऱ्याच अंशी खराही होता.

तो खोटा पडू लागला तो आरपार नळीच्या सायलेन्सरमुळे. मधून सरळ जाळीदार नळी, भोवती काचतंतूंचं भरण, वरून डबा. धुराला अडथळा जवळपास नाही, आणि आवाजाची धार भरणात जिरते. गोम एवढीच की साधे काचतंतू उष्णतेने झिजतात आणि हळूहळू नळीवाटे उडून जातात. नवीन असताना सभ्य वाटलेला सायलेन्सर वर्षा-दोन वर्षांत बोंबलायला लागतो तो यामुळे. म्हणून शांतपणा आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे प्रश्न मानू नयेत. ज्याचं भरण टिकत नाही, तो शांतही राहत नाही.

काचतंतू बारीक, चिरका आवाज खातात. घुमणारा जाड आवाज त्यांना दाद देत नाही. त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं तत्त्व कामाला येतं: पोकळीला स्वतःचा एक सूर असतो आणि नळीला जोडलेली योग्य मापाची पोकळी नेमका तोच सूर गिळते. त्याच घराण्यातली दुसरी युक्ती म्हणजे मुख्य नळीला काढलेली, टोक बंद असलेली फांदी. लाट तिच्यात जाऊन उलटी परतते आणि आपल्याच भावंडाला मारते. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पावपट लागते.

इथे जरा आकडेमोड करू, कारण बहुतेक पैसे इथेच वाया जातात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २५०० फेरे म्हणजे सेकंदाला साधारण ८३ ठोके, आणि तोच तो घुमणारा सूर. तीन सिलिंडरला त्याच वेगात ६२-६३. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ४५० मीटर धरला, तर पहिल्याला फांदी लागते सुमारे १.३५ मीटर आणि दुसऱ्याला १.८ मीटर. आता पोलोचंच बघा. २०१३ च्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, २०२० मध्ये त्याच बॉडीत १.० लिटरचं तीन सिलिंडरचं आलं. ‘मित्राच्या पोलोवर मस्त बसलाय’ एवढ्या भरवशावर घेतलेला पाइप दुसऱ्या पोलोत डोकं उठवू शकतो. कॉलेज रोडवर हे कळत नाही. समृद्धी महामार्गावर सिन्नरहून निघून ठरावीक वेगाने तासभर चाललं, की कानात भुंगा बसतो. मला तर वाटतं, शांत सायलेन्सरची मागणी वाढण्यामागे वयाइतकाच या लांब, सरळ रस्त्यांचा हात आहे.

टर्बो गाड्यांना निसर्गतः थोडी सूट आहे, कारण टर्बाइनच्या पात्यांवरच ठोक्यांचा जोर मोडतो. त्यानंतर येतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा डबा. तोही आवाज खातो. अमेरिकेत तो १९७५ च्या मॉडेलांपासून रूढ झाला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं शिसं त्याला विष असल्याने शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच तिथे आलं. देशभरातून शिसं गेलं १ फेब्रुवारी २००० ला. याचा एक फायदा फारसा कोणी मोजत नाही: शिशाबरोबर मिसळली जाणारी क्लोरीन-ब्रोमीनची संयुगं धुरात आम्ल तयार करायची. तीही गेली आणि सायलेन्सरचं आयुष्य वाढलं. पुढे पेट्रोलमधलं गंधकही घटत गेलं, बीएस-४ या प्रदूषण-मानकाला दशलक्षात ५० भाग, २०२० च्या बीएस-६ ला १०.

पाणी मात्र राहिलं. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. नाशकातल्या नाशकात, गंगापूर रोडवरून कॅनडा कॉर्नरपर्यंत जाऊन परत आलेल्या गाडीचा मागचा डबा धड तापतही नाही. ते पाणी तिथेच साचतं आणि आतून पत्रा खातं. पावसाला उगाच दोष दिला जातो. सायलेन्सर बाहेरून कमी, आतून जास्त सडतो.

यावर १९६० च्या दशकात ४०९ ग्रेडचं स्टेनलेस आलं. सुमारे ११ टक्के क्रोमियम, खास सायलेन्सरसाठीच घडवलेलं. वरून तांबूस पडतं, पण लवकर भोक पडत नाही. ३०४ त्याच्या वरचं: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. वाइनरीच्या टाक्यांमुळे ३०४ नाशिकला अनोळखी नाही, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे आर्गॉन वायू सोडून, जोडाला हवा न लागू देता वेल्डिंग करणाराही शोधावा लागत नाही. फसगत होते ती २०२ मध्ये. तेही चकचकीत, त्यालाही चुंबक चिकटत नाही, पण निकेल वाचवून मँगनीज घातलेलं. ‘एसएस आहे साहेब’ एवढ्यावर थांबू नये, बिलावर ग्रेड लिहून घ्यावी.

कायद्याची बाजू जुनीच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम ‘प्रसरण कक्षाने किंवा अन्य प्रकारे’ आवाज शक्य तितका कमी करणारं साधन प्रत्येक वाहनाला सक्तीचं करतो. ट्रॅक्टरही सुटलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आवाज-प्रदूषणाच्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेले बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. म्हणजे शांत सायलेन्सर घेतला म्हणून आपोआप कायद्यात बसला, असं नाही. कन्व्हर्टर काढणं तर साफ बाद. बदल करायचाच तर त्याच्या मागच्या भागापुरता, आणि आधी आरटीओ व विमा कंपनीला विचारून.

आणि गाडी लिफ्टवर असेल तेव्हा मोबाइलचा टॉर्च नळीच्या तोंडात धरून आतला जोड बघावा. वेल्डिंग करताना आतूनही आर्गॉन सोडलेला असेल तर शिवण चकचकीत दिसते. नसेल तर काळी, साखरेसारखी खरबरीत. गंज तिथून सुरू होतो, बाहेरून पॉलिश कितीही मारलेलं असो.