अंगावरून किती गेलं?

बाळ रडलं की खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात. आईच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो तो नेमका त्यानंतरच्या दोन तासांत. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे आपल्याकडच्या मातामृत्यूंचं प्रमुख कारण आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडचे पाडे असोत किंवा नवी मुंबईतल्या तुर्भे-दिघ्याच्या वस्त्या, तो वेळीच ओळखणं कुणालाही शिकता येतं.

नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोचत असतं. वार सुटून आली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती मिटवायचं काम सर्वांत आधी स्नायू करतात. गर्भाशयाचे स्नायू जाळीसारखे आडवे-तिरपे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या जाळीतून जातात. पिशवी, म्हणजे गर्भाशय, आवळली की वाहिन्या चिमटल्या जातात. ती सैल राहिली तर रक्त वाहतच राहतं. अतिरक्तस्रावाच्या दहापैकी साधारण सात बायकांमध्ये कारण हेच असतं. उरलेल्यांत वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, कुठेतरी चीर गेलेली असते किंवा रक्त गोठत नसतं.

पिशवी आवळली आहे की नाही, हे हाताला कळतं. बेंबीच्या आसपास पोटावर तळवा टेकवला तर आवळलेली पिशवी सोललेल्या नारळासारखी टणक लागते. सैल असेल तर मळलेल्या कणकेत बोटं रुतल्यासारखं वाटतं, कधी ती सापडतही नाही. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी हे पाहायचं, सोबत नाडी आणि रक्तदाबही. पिशवी मऊ लागली तर लगेच मदतीला हाक मारायची आणि ती टणक होईपर्यंत तळव्याने गोल चोळायची. लघवी तुंबलेली असेल तर चोळूनही उपयोग होत नाही. भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही, म्हणून ते आधी रिकामं करायचं.

खरी गफलत रक्ताच्या अंदाजात होते. गोधडीत मुरलेलं, फरशीवर पसरलेलं, लघवीत आणि गर्भजलात मिसळलेलं रक्त डोळ्यांना नेहमी कमीच दिसतं. गेलेलं रक्त जितकं जास्त, तितकी चूक मोठी. त्यावरचा उपाय अगदी साधा आहे: बाळ बाहेर आलं की बाईच्या कमरेखाली नरसाळ्यासारखी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी लावायची, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा छापलेल्या असतात. अशी पिशवी आपल्या शेजारी, बेळगाव भागातल्या एका अभ्यासासाठी बनवली गेली होती. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांत अशीच पिशवी वापरली आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू केले. गंभीर परिणामांचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. अशी प्लास्टिकची पिशवी नसेल तर कोरडे पॅड आधी वजन करून ठेवावेत. भिजल्यावर वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त.

५०० मिलिलिटर ही धोक्याची रेषा. नाडी १००च्या वर गेली असेल तर ३०० मिलिलिटरलाच हालचाल करायची. रक्तदाब उतरायची वाट पाहू नये, तरुण बाईचा रक्तदाब बरंच रक्त जाईपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागून पाहावं. नाडी ११० आणि वरचा दाब १०० असेल तर उत्तर १.१. हा आकडा ०.९ झाला की सावध व्हायचं.

औषधांत पहिलं ऑक्सिटोसिन, गर्भपिशवी आवळणारं: बाळ झाल्यावर मिनिटाभरात १० युनिट स्नायूत. हे प्रत्येक बाईला, रक्तस्राव होवो न होवो. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. वीज गेलेल्या उपकेंद्रात, एप्रिलच्या उन्हात टेबलावर पडून राहिलेल्या अँप्यूलमधली ताकद उतरते आणि बाहेरून काहीच फरक दिसत नाही. हीच सुई बाळ होण्याआधी ‘कळा वाढवायला’ घरी टोचणं मात्र जिवावर बेतू शकतं. त्याने गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. ऑक्सिटोसिन नसेल तिथे मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने देतात, पण बाळ बाहेर आल्यावर आणि पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री झाल्यावरच. गोळ्यांनंतर थंडी वाजते, ताप येतो. त्याला घाबरू नये. रक्तस्राव सुरू झालाच तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध), १ ग्रॅम, शिरेतून दहा मिनिटांत. बाळंतपणाला तीन तास उलटल्यावर ते देऊ नये, आणि त्याआधीही दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो.

मग शहापूरची कातकरी बाई दगावते आणि शहरातली बाई तेवढंच रक्त जाऊनही बचावते, हे का? चाळीस किलोच्या गरोदर बाईच्या अंगात साधारण चार लिटर रक्त असतं. त्यातलं एक लिटर गेलं म्हणजे पाव हिस्सा गेला. त्यात हिमोग्लोबिन ७ असेल तर उरलेलं रक्तही पातळच. म्हणून रक्तस्रावाशी लढाई चौथ्या महिन्यापासून सुरू होते: लोहाची गोळी रोज एक, बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतरही १८० दिवस, चौथ्या ते सहाव्या महिन्यात जंताची एक गोळी. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये, चहाबरोबर तर नाहीच. लिंबू पिळलेलं पाणी चालतं. शी काळी झाली की अनेक जणी गोळी सोडतात. तो लोहाचाच रंग आहे, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

गोळ्यांची साखळी तुटते ती दिवाळीनंतर. कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, पाड्यावरच्या आशाताईच्या वहीत नाव राहतं आणि बाई भट्टीवर. तिथल्या आशाताईला तिचा पत्ताच नसतो. निघायच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड आणि पुढच्या महिन्यांच्या गोळ्या बाईच्या हातात दिल्या पाहिजेत, आणि भट्टीचं गाव कळवलं पाहिजे. भट्टीवर पोचताच जवळच्या आरोग्य केंद्रात नोंद करावी. आधी नाव नसलं तरी कुठलंही सरकारी केंद्र तिला परत पाठवू शकत नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे.

पाड्यावरून झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं, मग १०८ ची वाट पाहायची, पुढे शहापूर आणि तिथून रक्त नाही म्हणून ठाणे, मध्ये भिवंडी बायपासची कोंडी. या प्रत्येक टप्प्यावर रक्त जातच असतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेल्या बाईला कळांची वाट न पाहता, तारखेच्या आधीच रक्तपेढी असलेल्या रुग्णालयाजवळ आणून ठेवावं. तिचा रक्तगट आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोन नातेवाइकांची नावं कार्डाच्या मागे लिहून ठेवावीत. १०८ येईपर्यंत सोबतच्या बाईने गर्भपिशवीवरचा हात काढायचा नाही. गाडीत चढवतानाही नाही.