गिरिशोध (ठाणे–नवी मुंबई परिसर)

गिरिशोध : डोंगरात बेपत्ता झालेल्या व्यक्तीचा पद्धतशीर माग काढून तिला सुरक्षित जागी आणण्याचे कार्य. ठाणे व नवी मुंबई परिसरात पोलीस, अग्निशमन दल व वनविभाग यांच्या जोडीने गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक ते विनामोबदला करतात. येऊर, मामा-भांजे, पारसिक व खारघरचे डोंगर शहराला लागूनच आहेत. माहुली, गोरखगड, सिद्धगड, कर्नाळा व प्रबळगड–कलावंतीण येथेही हीच मंडळी धावून जातात.

संघटित गिरिबचावाचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतले मठवासी शतकानुशतके वाटसरूंना बर्फातून सोडवीत, म्हणून काही लेखक तेथपर्यंत मागे जातात. परंतु ते कार्य एका खिंडीपुरते आणि धर्मसेवेचा भाग होते. ऑस्ट्रियात राक्स डोंगरावर मार्च 1896 मध्ये हिमलोटात तीन गिर्यारोहक दगावले आणि त्याच वर्षी व्हिएन्नात बचावसंघटना उभी राहिली; तिला पहिली मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पोलंडमधील तात्रा पर्वताची संघटना 1909 ची, बव्हेरियातील 1920 ची. सह्याद्रीला हा कालक्रम लावण्यात अर्थ नाही. येथील पाड्यांवरचे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी चुकलेली गुरे आणि माणसे पूर्वापार शोधत आले. त्याच्या लेखी नोंदी अगदी तुटक आहेत. मुंबईत गिरिविहार (1954) व पुढे इतर संस्था निघाल्या आणि बचावाचे काम त्यांच्याच दोरांवर व प्रशिक्षणावर वाढले. राज्यभरच्या पथकांना जोडणारे महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर त्यामानाने अलीकडचे.

येथील शोधाची दिशा बव्हंशी भूरचनेवर ठरते. बेसाल्टचे कठीण व ठिसूळ थर एकावर एक असल्याने उतार सलग नसतो. पठार, कडा, पुन्हा पठार असा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. वाट चुकलेला माणूस ओढ्याच्या पात्राने खाली निघतो, कारण पाणी गावाकडे जाते अशी त्याची समजूत असते. एकदोन लहान टप्पे तो उडी मारून किंवा घसरत उतरतो आणि धबधब्याच्या माथ्यावर अडकतो : खाली कडा, मागचा टप्पा परत चढता येत नाही. त्यामुळे नाळा व घळींचे माथे प्रथम तपासतात. पावसाळ्यानंतर पुरुषभर वाढलेली कारवी मूळ वाट झाकते आणि ढोरवाटा ठळक दिसतात. ऑक्टोबरातल्या चुकामुकींचे हे नेहमीचे कारण होय.

खबर मिळताच पायाला भिंगरी लावून निघणे हा नवख्या पथकाचा दोष. पहिला अर्धा तास माहितीचा असतो : शेवटचे कोणी, कोठे, किती वाजता पाहिले, कपड्यांचा रंग, बुटाचा तळ, पाणी, औषधे, मोबाईलची बॅटरी. फोन लागला तर 'आहात तिथेच थांबा' असे सांगून लोकेशन संदेशाने मागवतात व बोलणे आवरते घेतात. टॉवरवरून काढलेल्या ठिकाणावर फार विसंबता येत नाही. कड्यावरचा फोन जवळचा टॉवर सोडून दरीपलीकडचा पकडू शकतो.

त्यानंतर तीन-चार जणांच्या हलक्या तुकड्या वाटा, खिंडी व पाणवठे झपाट्याने पाहतात, आणि त्याच वेळी बाहेर पडणाऱ्या वाटांवर माणसे बसवतात. दुसरे काम कंटाळवाणे म्हणून टाळले जाते. मग हरवलेला माणूस शोधलेल्या भागातून निघून जातो व कोणाला कळत नाही. साखळी करून झाडोरा विंचरणे शेवटी येते. दाट कारवीत दोघांतले अंतर 5 ते 10 मी. ठेवावे लागते, शिवाय गर्दीच्या पायांखाली ठसे पुसले जातात. हाक किंवा शिट्टी सर्वांनी एकाच वेळी द्यायची आणि मग मिनिटभर पूर्ण शांत राहायचे. संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत मिनिटाला सहा वेळा हाक किंवा शिट्टी, उत्तराचा तीन वेळा. भर पावसात धबधब्यांच्या आवाजापुढे हे निष्फळ ठरते.

क्षेत्र वाटण्याचे गणित दुसऱ्या महायुद्धात बी. ओ. कूपमन यांनी अमेरिकी नौदलासाठी मांडलेल्या शोधसिद्धांतावर आधारलेले आहे. एखाद्या घळीत माणूस असण्याची शक्यता 40 टक्के आणि असल्यास तो दिसण्याची 70 टक्के धरली, तर त्या फेरीत यशाची शक्यता 28 टक्के. माणूस न सापडल्यास घळीची शक्यता शून्य होत नाही, सुमारे 17 टक्के उरते आणि इतर भागांची वाढते. 'तो भाग झाला' असे म्हणून नकाशावर काट मारणे म्हणूनच चूक. हरवलेली माणसे बहुधा कशी वागतात व कोठे सापडतात याचे परदेशी तक्ते जपूनच वापरावेत.

धुक्यात ड्रोन कुचकामी. उष्णता टिपणारा कॅमेरा झाडांच्या छत्राखालचे दाखवत नाही, आणि उन्हाने तापलेल्या कातळावर माणूस वेगळा उठत नाही. पहाटेची वेळ त्यातल्या त्यात बरी. विमानतळाच्या आसपास उड्डाणाला परवानगी लागते.

कड्यावरून सोडवताना 10 ते 11 मिमी.चा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर वापरतात. चढाईचा दोर ताणतो व धारेवर घासतो. भार एका दोरावर, सुरक्षेचा दुसरा, दोन्हींचे अँकर (दोर बांधण्याचे आधार) स्वतंत्र. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात, त्यामुळे लांब उतरणीवर बदलीसह अठरा तरी हवेत. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळांमुळे धूर, अत्तर व गोंगाट वर्ज्य. भिजलेल्या माणसाला वाऱ्यात पावसाळ्यातही शीताघात होतो. आधी कोरडे कपडे, मग हालचाल. शोधकर्त्यांनाही धोका असतो : जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीच्या दरडीनंतर वर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याचा मृत्यू झाला.

कायदेशीर बाजू थोडक्यात अशी. बेपत्ता झाल्याची नोंद पोलीस ठाण्यात होते व सूत्रे पोलिसांकडे राहतात. येऊरसारख्या राखीव वनात शिरण्यास वनविभागाची संमती लागते. मृतदेह आढळल्यास पंचनाम्यापूर्वी हलवत नाहीत. जागेची छायाचित्रे घेऊन पहारा ठेवतात. शोध थांबवण्याचा निर्णयही पोलिसांचाच असतो.