डेन लोकांना दिलेली चांदी

991 च्या ऑगस्टमध्ये एसेक्समधल्या मॉल्डनजवळ व्हायकिंगांनी, म्हणजे समुद्रमार्गे धाडी घालणाऱ्या स्कँडिनेव्हियन टोळ्यांनी, इंग्रजांचा पराभव केला. इंग्रज त्यांना सरसकट डेन म्हणत. इंग्रजांचा सरदार बिर्टनॉथ मारला गेला. राजा एथेलरेडने आर्चबिशप सिगेरिकच्या सल्ल्याने 10,000 पौंड देऊन शांतता विकत घेतली. त्या काळी एका पौंडात 240 चांदीच्या पेनी असत, म्हणजे 24 लाख नाणी. वजन तीन टनांहून अधिक.

त्यानंतर मागणी वाढतच गेली. जुन्या इंग्रजी बखरीत 994 साली 16,000, 1002 मध्ये 24,000 आणि 1012 मध्ये 48,000 पौंड दिल्याची नोंद आहे. 1018 मध्ये तर खुद्द डॅनिश राजा क्नूट इंग्लंडच्या गादीवर बसला होता. त्याने 72,000 पौंड वसूल केले, शिवाय एकट्या लंडनकडून 10,500. हे आकडे फुगवलेले असावेत, असं काही इतिहासकार म्हणतात. पण ते थोडे कमी धरले, तरी एवढी चांदी गोळा करू शकणारं राज्य दुबळं म्हणता येणार नाही. एथेलरेड लढाईत हरत होता, पण त्याचा वसुलीचा कारभार त्या काळच्या युरोपात उठून दिसेल इतका चोख होता.

प्रत्येक परगण्यातली जमीन 'हाइड' या एककात मोजलेली होती. एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन, ही त्यामागची मूळ कल्पना. कर हाइडमागे ठरे. 60हून अधिक गावांत टाकसाळी होत्या. दर काही वर्षांनी जुनी नाणी परत घेऊन नवा छाप काढला जाई. नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि त्याभोवती नाणं पाडणाऱ्याचं व गावाचं नाव. चांदी हिणकस निघाली तर कोणाला धरायचं, हे नाण्यावरच लिहिलेलं असे.

करासाठी पैसा उभा करताना चर्चची चांदीची भांडी वितळवली गेली. ज्याला भरणा जमला नाही, त्याची जमीन भरणा करणाऱ्याच्या हाती गेली. वूस्टरच्या मठाने अशा गमावलेल्या जमिनींची तक्रार लिहून ठेवली आहे. त्या नोंदी वाचताना या मोठमोठ्या आकड्यांखाली किती घरं भरडली गेली असतील, याचा अंदाज येतो. 1012 साली डेन लोकांनी ओलीस धरलेल्या आर्चबिशप एल्फेहने आपल्यासाठी खंडणी द्यायला मनाई केली. ग्रीनिच इथे दारूच्या नशेत त्यांनी त्याला बैलांची हाडं आणि मुंडकी फेकून मारलं.

ही चांदी गेली कुठे, याचा माग नाणीच देतात. एथेलरेडच्या काळातली पेनी आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात, त्यातही स्वीडनच्या जमिनीत पुरलेल्या ठेव्यांत, जास्त सापडते. त्यातल्या कित्येक नाण्यांवर सुरीच्या टोकाने केलेल्या बारीक खाचा दिसतात. नाणं घेणाऱ्याने चांदी खरी आहे का, हे टोचून पाहिलेलं असतं. हात बदलले तशा खाचा वाढल्या. अर्थात हा सगळाच पैसा खंडणीचा नव्हे. त्यात व्यापार आहे, भाडोत्री सैनिकांचा पगारही आहे.

स्वीडनच्या उपलांड भागात उल्फ नावाच्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा आहे. त्याने इंग्लंडमध्ये तीनदा पैसा घेतला, असं तिच्यावर रूनी, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीतल्या अक्षरांत कोरलंय: पहिल्यांदा टोस्टी नावाच्या सरदाराने दिला, मग थोरकेलने, मग क्नूटने. यातला व्हायकिंग म्होरक्या थोरकेल 1012 मध्ये आपल्या जहाजांसह एथेलरेडच्याच चाकरीत गेला होता. त्याच्या आरमाराच्या पगारासाठी दरवर्षीचा लष्करी कर सुरू झाला. डेन लोकांचं भय ओसरलं तरी तो चालूच राहिला. 1051 मध्ये एडवर्ड राजाने तो बंद केला. पुढे नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि तीच हाइडवारी मोजणी वापरून जमिनीवरचा कर पुन्हा बसवला. 1084 मध्ये त्याचा दर हाइडमागे तब्बल सहा शिलिंग, म्हणजे 72 पेनी होता. हा कर शेवटचा वसूल झाला तो 1162 मध्ये, दुसऱ्या हेन्रीच्या काळात.