जुन्या टॅबला कुठला ब्राउझर चालेल? आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा

सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पोरांना सुट्ट्या लागलेल्या असतात, आणि मग कपाटातले जुने टॅब बाहेर निघतात. २०१३-१४ च्या सुमारास घेतलेले, अँड्रॉइड ४.४ म्हणजे किटकॅटवाले. स्क्रीन चांगली, स्पीकर चांगला, बॅटरीपण थोडाफार तग धरते, फक्त नेट चालत नाही. वायफाय जोडलं जातं, पासवर्ड घेतो, सगळं ओके दिसतं, पण साइट उघडायला गेलं की 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' नाहीतर नुसतं पांढरं पान. नवी पेठेत कुणाला दाखवला तर उत्तर ठरलेलं, "स्लो झालाय ओ, नवीन घ्या की."

पण स्लो झालाय हे काही खरं कारण नाही. प्रोसेसर २०१४ ला जेवढा पळत होता तेवढाच आजपण पळतो (आत मेमरी भरलेली असेल तर थोडा अडखळेल, ते वेगळं). अडचण अशी आहे की टॅब जिथल्या तिथे राहिला आणि साइटवाले पुढे निघून गेले. नेमकं कुठे तुटलंय ते कळलं तर त्याच टॅबवर पेपर वाचता येतो, एसटीचं टाइमटेबल बघता येतं, पावसाळ्यात उजनी धरण प्लसमध्ये (म्हणजे मृतसाठ्याच्या वर) आलं का तेपण बघता येतं, आणि सोलापूरकराला त्याहून जास्त काय लागतं.

ब्राउझर शोधायच्या आधी टॅबची तारीख बघा. फालतू वाटेल, पण बॅटरी पूर्ण मेलेला टॅब बरेच महिने पडून राहिला की त्याचं घड्याळ रिसेट होतं आणि तारीख कधीकधी थेट १ जानेवारी १९७० ला जाते, कारण कॉम्प्युटरच्या दुनियेत वेळेची मोजणी तिथूनच सुरू होते. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे ही साइट खरीच आहे असं सांगणाऱ्या डिजिटल दाखल्यावर, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. टॅबच्या मते आज १९७० असेल तर सगळ्या जगाची सर्टिफिकेटं अजून जन्माला यायचीयत, मग तो कशाला कुणावर विश्वास ठेवेल? तारीख नीट केली की काही टॅब तिथेच सुरळीत होतात.

नाही झालं तर मग खरी गोष्ट सुरू होते. कुठल्याही साइटशी बोलायच्या आधी ब्राउझर तिची ओळख काढतो. गावात अनोळखी माणूस आला की आपण विचारतो 'कुणाचे पाहुणे?', तो म्हणतो अमक्याचा साडू, अमका कोण तर तमक्याचा चुलतभाऊ, आणि तमका आपल्या ओळखीचा निघाला की पाण्याचा तांब्या पुढे येतो. सर्टिफिकेटचं डिट्टो तसंच आहे. साइटची ओळख एक संस्था देते, तिची ओळख दुसरी देते, असं करत शेवटी ज्या नावापाशी साखळी थांबते ते नाव यंत्रातल्या यादीत असावं लागतं. या शेवटच्या नावांना रूट सर्टिफिकेट म्हणतात, आणि जुन्या अँड्रॉइडमध्ये ही यादी सिस्टममध्येच भाजून पक्की केलेली असते. कंपनीने अपडेट देणं बंद केलं की यादी तिथेच गोठली.

आता लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक संस्था आहे, ती सर्टिफिकेट फुकट देते, म्हणून छोट्यामोठ्या कोट्यवधी साइट तिच्यावर चालतात. तिचं स्वतःचं रूट, आयएसआरजी रूट एक्स-१, अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यादीत नाहीच. सुरुवातीला तिने एका जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या रूटची सही घेऊन काम भागवलं, पण ते जुनं रूट ३० सप्टेंबर २०२१ ला एक्स्पायर झालं. आणि इथे मला लई आवडलेली गंमत आहे: जुनं अँड्रॉइड आपल्या यादीतल्या रूटची एक्स्पायरी तारीख तपासतच नाही! साइटच्या सर्टिफिकेटची तपासतं, पण रूटचं नाव यादीत आहे ना, मग झालं. या ढिलाईचा आधार घेऊन लेट्स एन्क्रिप्टने संपलेल्या रूटकडून आणखी तीन वर्षांची सही मिळवली आणि जुने फोन ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ओढत नेले. त्यानंतर तो रस्ता बंद. 'परवापरवापर्यंत चालत होता हो' असं जे लोक म्हणतात त्यातले बरेच खरं बोलत असतात.

सोबत आणखी एक भानगड आहे. एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवायची, जी पद्धत असते, टीएलएस, तिची १.० ही आवृत्ती १९९९ ची, १.२ आली २००८ ला, १.३ आली २०१८ ला, आणि २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ टाकून दिल्या. अँड्रॉइडमध्ये १.२ ही ४.१ पासून होती खरी, पण ५.० येईपर्यंत डिफॉल्टने बंद ठेवलेली, त्यामुळे जी ॲप सिस्टमच्या भरवशावर राहतात ती अडकतात आणि जी आपलं एन्क्रिप्शन स्वतः घेऊन येतात ती चालतात.

माझ्या मते सगळा निर्णय इथेच आहे. ब्राउझर किती एमबीचा, किती स्टार, डार्क मोड आहे का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा की तो स्वतःचं काय आणतो आणि सिस्टमकडून काय उसनं घेतो. प्ले स्टोअरवर 'लाइट', 'मिनी', 'फास्ट' नावाची जी ढिगाने ब्राउझरं दिसतात त्यातली बरीचशी नुसती कव्हरं असतात, आत पान काढायचं काम अँड्रॉइडचं वेबव्ह्यू करतं. ५.० पासून वेबव्ह्यू वेगळं ॲप झालं, स्टोअरमधून अपडेट होतं, पण किटकॅटमध्ये ते सिस्टममध्येच शिवलेलं आहे आणि क्रोमियम (क्रोमच्या आतलं मूळ इंजिन) ३०-३३ च्या जमान्यातलं आहे. म्हणजे दहा लाइट ब्राउझर टाकून बघितले तरी तुम्ही दहा वेळा तोच २०१३ चा ब्राउझर बघताय.

मग किटकॅटवर खरे पर्याय राहतात दोन, आणि दोन्हीत एकेक खोट आहे. क्रोमची किटकॅटवर चालणारी शेवटची आवृत्ती ८१, साल २०२०. फायरफॉक्सची ६८, ती अँड्रॉइड ४.१ पासून चालते, साल २०१९. फायरफॉक्सची खासियत अशी की तो एन्क्रिप्शनही स्वतःचं आणतो आणि रूटची यादीही स्वतःची आणतो, अँड्रॉइडच्या गोठलेल्या यादीकडे बघतसुद्धा नाही, त्यामुळे जी साइट क्रोममध्ये 'प्रायव्हेट नाही' म्हणून अडते ती फायरफॉक्स ६८ मध्ये गपचूप उघडते. त्याची एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाइल, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या आर्काइव्हमध्ये अजून आहे, ६८.११.० च्या आत 'एपीआय-१६' लिहिलेल्या फोल्डरमधली फाइल घ्यायची. एपीके देणाऱ्या ज्या इतर साइट असतात, जिथे डाउनलोडची चार बटणं असतात आणि चारही खोटी, तिथे जाऊ नका.

मग फायरफॉक्सची खोट कुठे? जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे साइटचा कोड ज्या भाषेत लिहितात तिच्यात. २०२० च्या स्टँडर्डमध्ये एक नवी खूण आली, प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून टिंब, '?.' अशी. अर्थ एवढाच की समोर वस्तू असेल तर आत बघ, नसेल तर गप बस. प्रोग्रामर लोकांना ती इतकी आवडली की आता सगळीकडे असते. क्रोमला ती ८० पासून कळते, फायरफॉक्सला ७४ पासून, म्हणजे ६८ ला नाही. आणि जावास्क्रिप्टचं इंजिन फाइल चालवायच्या आधी ती वाचून काढतं, त्यात एक खूण जरी अनोळखी निघाली तरी ती पूर्ण फाइल नाकारतं, तेवढी ओळ सोडून पुढे जात नाही. आजकाल साइटचा सगळा कोड एकाच मोठ्या फाइलीत बांधलेला असतो, म्हणून दोन अक्षरांच्या खुणेपायी सगळं पान पांढरं फटक. टॅब हँग झाला असं आपल्याला वाटतं, पण त्या बिचाऱ्याने काम सुरूच केलेलं नसतं.

म्हणजे क्रोम ८१ ला भाषा कळते पण माणसं ओळखता येत नाहीत, आणि फायरफॉक्स ६८ चं बरोबर उलटं. मला विचाराल तर दोन्ही इन्स्टॉल करा. आणि क्रोमची खोट हाताने भरता येते: लेट्स एन्क्रिप्टच्या साइटवरून एक्स-१ रूटची फाइल दुसऱ्या फोनवर उतरवून टॅबमध्ये घ्यायची, सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी, त्यात 'इन्स्टॉल फ्रॉम स्टोरेज'. तो आधी स्क्रीनलॉकचा पिन ठेवायला लावेल, ठेवा. मग वर नोटिफिकेशनमध्ये 'नेटवर्क मे बी मॉनिटर्ड' असा इशारा येऊन बसेल. हा किटकॅटचा भित्रेपणा आहे, हाताने टाकलेल्या कुठल्याही रूटला तो असंच बोलतो, पण म्हणूनच फाइल फक्त मूळ साइटवरूनच घ्यायची, व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली नाही, कारण चुकीचं रूट टाकलं तर तो इशारा खराच ठरेल.

मेमरीचं म्हणाल तर ५१२ एमबी किंवा एक जीबी रॅममध्ये ब्राउझरमध्ये एका वेळी एकच पान उघडं ठेवायचं, बस. बातम्यांच्या साइट फार जड असतात त्या मजकुरामुळे नाही, जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टमुळे. फायरफॉक्स ६८ मध्ये ॲडब्लॉकर हा उपाय होता, पण १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं एक रूट संपलं आणि जुन्या फायरफॉक्समधले ॲडऑन बंद पडायला लागले. तिथे ॲड्रेसबारमध्ये 'about:config' लिहून उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन जावास्क्रिप्टच बंद करून बघा: बऱ्याच मराठी पेपरांची बातमी तशीच उघडते, जाहिरात गायब, पान टुणकन येतं.

ऑपेरा मिनीचा मार्ग अगदी वेगळा. २००५ पासूनचा हा ब्राउझर एक्स्ट्रीम मोडमध्ये पान टॅबवर बनवतच नाही, ऑपेराचा सर्व्हर साइट उघडतो, दाबून बारीक करतो आणि तयार माल पाठवतो, डेटा ९० टक्क्यांपर्यंत वाचतो. नोकियाच्या काळातली मंडळी आठवत असतील, फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नसायचा, सगळीकडे चौकोन दिसायचे, तेव्हा ऑपेरा-कॉन्फिगमध्ये जाऊन 'बिटमॅप फॉन्ट' चालू केलं की सर्व्हर मराठीचं चित्र काढून पाठवायचा आणि वेलांट्या, जोडाक्षरं झकास दिसायची. आयडिया भारी, पण सर्व्हर मधे बसून सगळं वाचू शकतो, म्हणून तिथे पासवर्ड टाकायचा नाही.

तुमचा टॅब अँड्रॉइड ५, ६, ७ चा असेल तर एवढी झटापट नाही. क्रोम तिथे अनुक्रमे ९५, १०६ आणि ११९ ला थांबलं, फायरफॉक्सने मात्र या तिघांना क्रोमपेक्षा कितीतरी जास्त काळ सांभाळलं, त्यामुळे आधी तोच टाका. पहिला आयपॅड मिनी असेल तर अवघड आहे. तो आयओएस ९.३ च्या पुढे जात नाही आणि ॲपल तिथे प्रत्येक ब्राउझरला आपलंच वेबकिट वापरायला लावतं, नाव काही असलं तरी आत सफारीच. शिवाय आजच्या साइटवर फोटो वेबपी फॉरमॅटमध्ये असतात आणि ते सफारीला कळायला लागलं आयओएस १४ पासून, म्हणून मजकूर येतो आणि फोटोंच्या जागी रिकामे डबे.

वेबपीवरून आठवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये याच फॉरमॅटचं चित्र वाचणाऱ्या कोडमध्ये एक मोठं भोक सापडलं, नुसतं खास बनवलेलं चित्र पानावर असलं तरी हल्लेखोराला आत शिरता येईल असं. नव्या ब्राउझरांनी घाईघाईने ते बुजवलं. क्रोम ८१ आणि फायरफॉक्स ६८ मध्ये ते कधीच बुजणार नाही. त्यामुळे या टॅबवर बँक नाही, यूपीआय नाही, आपलं मेन गुगल अकाउंटही नाही, आणि घरच्या राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर टॅब त्याच्यावरच जोडा.